तरंग : भाग तिसरा

लातूर, ३ एप्रिल २००५, रविवार
आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरला टीव्ही ट्यूनर कार्ड बसलं एकदाचं. प्रकाशभाऊजी नांदेडहून आले, डबा उघडून कार्ड खोचलं, जेवले, संध्याकाळच्या गाडीनं परत. दीर म्हणून गुणाचे आहेत, पण बूड टेकवत नाहीत.
चित्र आलं. चित्र कसलं, मुंग्या नुसत्या. मुंग्यांत हे फळ्यापाशी उभे, आणि ह्यांना चिकटून उजवीकडे ह्यांचीच फिकट सावली. एक नवरा जानेवारीत गेला आणि आता दोन दिसायला लागले. हसू आलं आधी. मग नाही आलं.
आवाज मात्र खणखणीत.

५ एप्रिल, मंगळ.
ह्यांच्या क्लासमध्ये जाऊन आले. सीईटीपर्यंत लोकल चॅनलवर ह्यांचीच फिजिक्सची रिव्हिजन चालणार, सकाळी सातला, तीच परत दुपारी चारला. दाखवून झाली की ती कॅसेट नवीन सरांकडे, वरून त्यांचं रेकॉर्डिंग. नवी कॅसेट घ्यायची पद्धतच नाही त्यांच्यात. मी म्हटलं, पुसायच्या आधी मला कॉपी करून द्या. "बघू मॅडम." पालकांना देतात तोच बघू. मी ह्या क्लासचा बघू दहा वर्षं ऐकतेय.
म्हणजे केबलवरूनच उतरवून घ्यायचं, दुसरा रस्ता नाही.
कार्डाच्या सेटिंगमध्ये पाल-बी, पाल-डी, सगळं करून पाहिलं. हे हिरवे झाले, मग काळे-पांढरे झाले. परत होतं तसं केलं.

६ एप्रिल, बुध.
गफारभाई केबलवाले आले. सोबत छोटा टीव्ही. गॅलरीत वायर येते तिथं लावून दाखवला.
"बघा ताई, साफ हाय का न्हाई? लाइन एकदम ओके. घोळ तुमच्या काम्पुटरमदी हाय."
भाऊजींना फोन. "वहिनी, मशीन नवं कोरं हाय. केबलवाल्याला धरा."
दोघंही खरं बोलताहेत असं मला वाटतं. मग खोटं कोण?
हॉलच्या टीव्हीवर पण सावली आहेच म्हणा. किती वर्षांची. सवय झाली होती, दिसतच नव्हती.

८ एप्रिल, शुक्र.
आजपासून तरंगांचा धडा, भाग १. मुंग्याच. दुपारच्या वेळेला लोडशेडिंग, चार ते सहा वीज नाही. गेला तो भाग.
भाग १ गेल्याचं इतकं नाही. मला तिसरा पाहिजे, मागं टीव्हीवर लागला तेव्हा बघितलेला. त्यात शिकवता शिकवता खालून जड ट्रक जातो, टेबल थरथरतं. हे थांबतात. वर स्लॅबकडे बघतात, दाराकडे बघतात, एक हात पुढे, जसं कुणाला धरायचंय. पोरं हसतात. ट्रक जातो. मग हे, "हं, तर काय म्हणत होतो…"
भूकंपाच्या त्या पहाटे गावात सासूबाईंना भिंतीखालून ह्यांनीच काढलं, हातांनी. उशीर झाला होता. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं काढली, मग लातूर, क्लास, फ्लॅट. ह्यांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. दार लावून झोपले नाहीत, एवढंच. माझ्याकडे फोटो ढीगभर आहेत. सगळ्यांत हे टाय लावून हसताहेत. मला ते नकोत. ट्रकवाले पाहिजेत.

१० एप्रिल, रवि.
सिग्नल वाढवायचा बूस्टर आणून लावला. मुंग्या मोठ्या झाल्या. सावली पण ठळक. डोकं दुखतंय. जेवले नाही.
उद्या भाग ३.

११ एप्रिल, सोम.
सकाळी सातला रेकॉर्डिंग. चित्र तसंच घाण. ट्रक आला, मुंग्यांत ह्यांचं तोंडच दिसेना. रडले. मग ऐकत बसले नुसती, दुसरं काय करणार.
हे दोरीबद्दल सांगत होते. पातळ दोरी जाड दोरीला बांधली आणि झटका दिला, तर तरंग पुढं जातोच, पण "गाठीपाशी थोडा मागं फिरतो बरं का, तिथं दोर बदलला ना!"
मी भिंतीकडे बघितलं.
शोकेसच्या मागं ह्यांनीच एक वायर जोडलेली, आतल्या खोलीत नेण्यासाठी, तीच आता कार्डाला. हॉलमध्ये सगळ्यांसमोर स्वतःला टीव्हीवर बघायची लाज वाटायची. आत बसून स्वतःच्या चुका काढायचे. गफारभाईला बोलवा म्हटलं तर, "एवढ्याशा कामाला?" साध्या बेलची वायर घेतली, केबलला पीळ देऊन जोडली, वर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी, काळी मिळाली नाही म्हणून. पोरांना गाठ शिकवली आणि घरात हे असं, सावली ह्याच गाठीची.
शोकेस सरकवलं. पट्टी पिवळी पडलेली, टोक नीट दाबलेलं, त्यांच्या अंगठ्यानं. बराच वेळ कात्री घेऊन उभी होते. ह्यांनी घरात असं हातानं केलेलं फार नाही. चेहरा पाहिजे तर हे तोडायचं, असा सौदा.
तोडलं. पट्टी डब्यात ठेवली.
कॉम्प्युटर ओढून हॉलमध्ये आणला, गॅलरीतल्या केबलला स्प्लिटर, एक टोक टीव्हीला, एक कार्डाला. सावली आहे का बघायला टीव्ही पण चालू ठेवला. चार वाजले. वीज होती.
काय चित्र! शर्टाच्या खिशातलं पेन दिसलं. खडूचे हात दिसले. ट्रक आला, हे थांबले, वर बघितलं, दाराकडे बघितलं. डोळे दिसले मला. पोरं हसली तेव्हा मी टीव्हीला "गप बसा" म्हटलं.

१२ एप्रिल, मंगळ.
सकाळी उघडून बघितलं. आवाज नाही.
पूर्ण रेकॉर्डिंगला आवाज नाही. कॉम्प्युटर ओढताना मागची छोटी आवाजाची वायर निसटली, खाली लोंबतेय. काल आवाज येत होता तो टीव्हीचा. इतकी कशी मी…
क्लासला फोन लावला. "मॅडम, ती कॅसेट सकाळीच नवीन सरांना दिली. त्यांचं झालं पण रेकॉर्डिंग."

१४ एप्रिल, गुरु.
आजचा करंटचा तास छान आला, चित्र-आवाज दोन्ही. त्यात हे आहेत. पण क्लासमधले आहेत.

१५ एप्रिल, शुक्र.
भाऊजींचा फोन. रेकॉर्डिंगचं सगळं सांगितलं.
"मंग सोपं हाय की वहिनी! सकाळचा आवाज न् दुपारचं चित्र जोडून टाकतो. रविवारी येतो. मदी दादा नुसता गप उभा हाय म्हणता ना, तेवढा तुकडा कापतो, पाहायला बरं दिसतंय."
भूकंपाच्या वेळी भाऊजी नांदेडला कॉलेजात. त्यांना उशिरा कळलं, आले तेव्हा सगळं उरकलेलं. आईबद्दल त्यांनी ह्यांना कधी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. आता मी फोनवर सांगू?
"बघू," म्हटलं. क्लासवाल्यांसारखंच.
दुपारी दोन्ही रेकॉर्डिंग एकदम लावायचा प्रयत्न केला. जमत नाही. आवाज पुढं, ओठ मागं. परत लावलं, आता ओठ पुढं. कुणीतरी दुसराच ह्यांच्या तोंडून बोलतोय असं वाटतं. बंद करणार होते, तेवढ्यात ट्रक आला.
तिथं हे बोलतच नाहीत. ओठ मिटलेले, आवाजात नुसती घरघर. मागंपुढं काही कळत नाही. तेवढा वेळ हे सगळेच्या सगळे समोर असतात, हात पुढे करून.
मग "हं, तर काय म्हणत होतो", आणि आवाज-ओठ परत सुटे होतात.
रविवारी या म्हणायचं की नको, अजून ठरलं नाही.