कपाळावरची पांढरी पट्टी

ता. ४ मार्च

चि. टिटवीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र लिहायचं कारण, फोनवर तू घाईत असतेस आणि मला अर्धंच ऐकू येतं. पत्रात तुला मध्ये बोलताही येत नाही.

रविवारी तुमच्या त्या रानातल्या सोंगं घ्यायच्या खेळाला आले, ती काही हौस नव्हती. तुझा बाप चष्मा घरी विसरला होता. काय एकेक ध्यानं! दातांचा डॉक्टर मांत्रिक, शाळेतल्या बाई दरोडेखोरांची राणी, आणि माझा पन्नाशी उलटलेला लेक रबरी भाला घेऊन फळकुटांच्या वेशीवर पहारेकरी. जन्मदात्या आईला विचारतो, आपण कोण, कुठून आलात, काय काम आहे. घरी दिवसाला चार शब्द खर्च करत नाही, आणि तिथे मला अहो-जाहो! मी म्हटलं, मेल्या, चष्मा आणलाय तुझा. तर म्हणाला, किल्लेदारांना पोचता करू. आणि चढवला स्वतःच्याच नाकावर.

मला हसू फुटणार होतं, पण तू दिसलीस. त्याच्यापासून दोन हातांवर कॅमेरा घेऊन उभी, आणि तो तुझ्यातून पलीकडची झाडं बघत होता. तू वजनकाट्यांचं दुकान सोडून सिनेमावाली झालीस, त्याने पाटीवरचं ‘आणि कन्या’ खरवडून काढलं, तेव्हापासून दोन वर्षं तुमचा अबोला आहे, तो मला पाठ आहे. पण तुझ्या कपाळाला ती पांढरी पट्टी कसली? पडलीस का कुठे? विचारायला निघाले तर डोक्याला शिंगं लावलेल्या एका बाईने मला बाहेर काढलं. ताबडतोब कळव.

तुझी,
आजी

ता. ९ मार्च

ती. आजीस टिटवीचा शि. सा. न.

अगं, पडले नाही. तो खेळाचा नियम आहे. पांढरी पट्टी बांधलेला माणूस तिथे नाहीच, असं सगळ्यांनी धरायचं. त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. कॅमेरा आणायचा तर पट्टी बांधायची, या अटीवरच त्यांनी माहितीपट करू दिला.

नऊ रविवार झाले. खेळ सुटल्यावर बाकीचे कॅमेऱ्यापुढे मनमोकळं बोलतात, डॉक्टरांना तर थांबवावं लागतं. बाबा तेवढे भाला सायकलला बांधून चालते होतात. माहितीपट ज्यांना द्यायचाय ते म्हणतात, पहारेकरी हाच यातला खरा माणूस, तो बोलला नाही तर उरलेलं नुसतं सोंगांचं प्रदर्शन. ३१ तारखेला द्यायचाय. तू त्यांना घरी दहा मिनिटं बसव ना. त्यांनी माझ्याशी बोलावं, एवढंच. म्हणजे कॅमेऱ्याशी.

तुझ्यावाचून कुणाला सांगू? राग धरू नकोस.

तुझी,
टिटवी

ता. १४ मार्च

चि. टिटवीस आजीचे आशीर्वाद.

तीनदा विचारलं. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्यांदा ताटावरून उठता उठता म्हणाला, ज्याला काम असेल त्याने वेशीवर यावं. खाण तशी माती, तुम्ही दोघं एकाच भट्टीतले.

आणि तू गं! ‘मी इथे नाही’ असं कपाळावर बांधून नऊ रविवार बापापुढे उभी राहिलीस, आणि तो बघत नाही म्हणून मला पत्रं लिहितेस? मी दुसरी पास, मला कळलं. तुझ्या एवढ्या शिक्षणात हे कुठेच नव्हतं का? सोड ती पट्टी. कॅमेरा गाडीत ठेव आणि जा वेशीवर. मग सिनेमाचं काय, ते मला विचारू नकोस. मला सिनेमातलं कळत नाही.

गुडघे ठणकतायत, म्हणून इथेच थांबते. जीव आहे तुझ्यावर, पण डोकं खाऊ नकोस.

आजी

ता. २३ मार्च

ती. आजीस शि. सा. न.

काल तुझं ऐकलं, आणि आता डोकं बडवून घेतेय.

पट्टी काढली, कॅमेरा गाडीत ठेवला. बाबांनी भाला आडवा धरला आणि माझ्याकडे बघितलं. आपण कोण, कुठून आलात, काय काम आहे. मी म्हटलं, वाटसरू आहे, लोकांच्या गोष्टी गोळा करते. हत्यार आहे का, विचारलं. नाही म्हटलं. मग म्हणाले, उजवा खांदा असा खाली का? म्हटलं, रोज आठ किलो ओझं वाहते. कसलं ओझं, किती तास, उचलताना दुखतो की ठेवताना, असं तासभर विचारत राहिले. मी कामाचं सगळं सांगितलं. शेवटी तेही बोलले, की त्यांचा काट्यांचा धंदा आहे, आणि दुकानात एका माणसाची उणीव भासते.

आणि आजी, कॅमेरा गाडीत! असं बोलणं पुन्हा व्हायचं नाही, आणि त्यातला एक शब्द माझ्याकडे नाही. शिट्टी वाजली, खेळ सुटला, बाबांनी टोप काढला आणि सायकलवर टांग मारली. हाक मारली, तर ओसुद्धा दिली नाही. आता त्यांच्याशिवायचाच माहितीपट द्यायचा. काय मिळालं मला?

तुझीच,
टिटवी

ता. २६ मार्च

चि. टिटवीस आजीचे आशीर्वाद.

एक शब्द नाही म्हणतेस, मग हे पानभर कुणी लिहिलं?

इकडचं ऐक. सोमवारपासून तुझ्या बापाने गिऱ्हाइकांचे काटे तसेच पडू दिलेत. चामड्याचा पट्टा, एक पितळी दांडी आणि मागच्या बाजूला जुनी वजनं, असं काहीतरी जुळवत बसलाय. काल मला उभं करून माझ्या खांद्यावर चढवलं, पुढे कणकेचा डबा अडकवला, आणि विचारतो, भार सारखा वाटतो का. मी म्हटलं, हे कुणासाठी? म्हणाला, वेशीवर एक वाटसरू येते, तिचा खांदा उतरलाय.

मी म्हटलं, मेल्या, पोरगी आहे ती तुझी, पत्ता आहे, फोन आहे, पाठवून दे. तर नाही! येत्या रविवारी वेशीवरच देणार. आणि पट्टीवाल्याला देता येत नाही म्हणे, नियम आहे.

म्हणजे वस्तू कॅमेऱ्याचा भार पेलायची, आणि ती घ्यायला यायचं कॅमेरा न घेता. त्यातून रविवारनंतर दोनच दिवसांनी तुझी एकतीस तारीख. माझा संताप होतो. कणकेचा डबाही अजून तिथेच लटकतोय. येणार असलीस तर त्याला कळव, मला नको. तुझी ती पांढरी पट्टी इकडे धाडून दे. आता मी बांधते, म्हणजे तुम्ही दोघं मला तरी हाका मारायचे थांबाल.

आजी