क्लॅरिनेटच्या कळांना कोणतं तेल?

३ सप्टेंबर, सकाळी
रोसविता बहिणीकडे प्लाउएनला गेली त्याला उन्हाळा उलटला. पण तिचं क्लॅरिनेट इथेच, कपाटावर. जिला परत यायचं नसतं ती बायको क्लॅरिनेट मागे ठेवत नाही. दाढी करताना लख्ख उमगलं.

भांडणाचं मूळही सापडलं. कळांची खटखट. ती रियाजाला बसली की मी म्हणायचो, "रोसी, टाइपरायटर बंद कर, मॅच ऐकू येत नाही." म्हणजे दोष तिचा नाही, माझाही नाही. तेलाचा आहे.

संकल्प: योग्य तेल.

५ सप्टेंबर
अख्खं गाव वाद्यं बनवतं, सल्ल्याला तोटा नाही. वाद्यांच्या दुकानातल्या त्सोफेलबाई म्हणाल्या, घट्ट कळांना पातळ तेल, झिजलेल्यांना जाड. तुमच्या कशा आहेत? मी ठामपणे म्हणालो, मध्यम.
"वाजवणाऱ्यांनाच पाठवा ना."
म्हटलं, ती जरा बाहेरगावी आहे. बाईंनी मध्यम तेल दिलं. सुईच्या टोकावर मावेल तेवढंच लावा म्हणाल्या. व्यापारी असून कसली ही काटकसर!

८ सप्टेंबर
मध्यम तेल लावलं. शेजारच्या गेरोल्टला बोलावलं. हा रोसीच्याच बँडमध्ये वाजवतो. मला वाजवता येत नाही, नुसत्या कळा दाबून दाखवल्या. म्हणाला, "खटखटतंय की." कान गेलेत त्याचे.
मग माझं नाव घेत म्हणाला, "एकी, अरे, ती काय खटखटीमुळे गेली?"
म्हटलं, मग कशामुळे?
तो बिअर पीत बसला.

११ सप्टेंबर
जाड तेल! सढळ हाताने. खटखट साफ बंद. दोन कळा दाबल्यावर वर येत नाहीत, पण नवीन तेल आहे, रुळतील.
रोसीला फोन केला. म्हटलं, कळा गप्प केल्या. ती मग म्हणाली, "शनिवारी येते." इतकी वर्षं मीच कळ काढायचो, आज मीच मिटवली.

१३ सप्टेंबर
कळांखालच्या गाद्या तेल पिऊन टम्म. पातळ तेलाने जाड तेल काढायला गेलो. एक गादी हातात आली. घरातल्या गोंदाने बसवली. किंचित तिरकी. बाईमाणसाच्या लक्षात येणार नाही.
प्लमचा केक केला. खिडक्या पुसल्या.

१४ सप्टेंबर, शनिवार
आली. आधी हिवाळ्यातले कोट गाडीत नेऊन ठेवले. मी क्लॅरिनेट हातात दिलं. तिने कळ दाबली. कळ खाली गेली ती तिथेच राहिली. तिने रुमालाला बोट पुसलं. चिडली नाही. चिडली असती तर बरं होतं.
"राहू दे, एकी. मी नवीन घेतलंय. मार्चमध्ये."
म्हटलं, मार्चमध्ये? तू तर जूनमध्ये गेलीस.
"हो."
मग रियाज कुठे करायचीस?
"बँडच्या हॉलवर. दोन वर्षं झाली. इथे एकदाही वाजवलं नाही. तुला काय वाटलं?"

मी केक कापला. तिने उभ्यानेच खाल्ला, चांगला झालाय म्हणाली आणि गेली.

संध्याकाळभर आठवून पाहिलं. घर नक्की केव्हा शांत झालं, सांगता येईना.