बेटावरची ओटी

१४ मे, दुपार

पोचलो एकदाचे! चिटगुप्प्यातलं आडतीचं दुकान तीन दिवस बंद ठेवायला धनराजला राजी करणं म्हणजे म्हशीला जिना चढवणं. पण आमच्या आठ वर्षांच्या पल्लवीनं जेवण सोडलं आणि बाप पाघळला. दुबलगुंडीच्या पुढं तळ्यात हे बेट आहे, नावेनं पाच मिनिटं. माडाची झाडं निम्मी खरी, निम्मी प्लास्टिकची. निळ्या घसरगुंड्या, आणि भोंगा वाजला की लाटा उठवणारा भलामोठा हौद. आपल्या तुरीच्या मुलखात समुद्र! हसू आलं, आणि खरं सांगते, आनंदही झाला.

इथली माणसं मात्र तुसडी. नाववाल्या तिप्पण्णानं पल्लवीला बघून तोंडच फिरवलं. सुट्टीचे दिवस असून पाहुणे आम्हीच तेवढे. असो, रांग तरी नाही.

१४ मे, संध्याकाळ

कपडे बदलायच्या खोलीत एक बाई भेटली. हिरवं लुगडं, नखशिखांत चिंब. पोरीचं तोंडभर कौतुक केलं आणि तिच्या फ्रॉकात ओटी घातली: तांदूळ, नारळ, सात हिरव्या बांगड्या. ओटीला नको म्हणू नये, हे माझ्या आईनं अंगवळणीच पाडलंय. वर बाई म्हणते, "लई गोड हाय लेक. आमाला द्या की." अशा वेळी आपल्याकडं जे म्हणतात तेच मीही म्हटलं, "न्या की अक्का, तुमचीच हाय." दोघी हसलो.

बांगड्या पल्लवीनं तिथंच घातल्या. नारळ धनराजनं खोलीवर येताच फोडला, बापलेकीनं फस्त केला.

१५ मे, सकाळ

बांगड्या निघत नाहीत. साबण लावला, तेल लावलं. दगडानं ठोकल्या तरी फुटत नाहीत. पल्लवीचे केस कालपासून ओलेच आहेत.

झाडलोट करणाऱ्या भागाबाईनं बांगड्या पाहिल्या आणि कुणी दिल्या म्हणून विचारलं. मी सांगितलं तशी ती बोलू लागली. हौद खणला तिथं आसरांचं ठाणं होतं म्हणे, पाण्यातल्या सात बहिणींचं. मालकानं दगड उपटून तळ्यात टाकले. त्या पोर ओढून नेत नाहीत, आईनं आपल्या तोंडानं द्यावी लागते. म्हणून इथलं कुणी लेकरू घेऊन येत नाही. ओटी होती तशी पाण्यात परत सोडली तर सुटका होते. मी सांगितलं, नारळ खाल्ला. ती झाडू तिथंच टाकून निघून गेली.

१५ मे, दुपार

लगेच निघालो. पल्लवी बसली की नाव मध्यावर पाण्यानं काठोकाठ भरते. दोनदा झालं. तिला उतरवलं की नाव कोरडी ठणठणीत. तिप्पण्णा म्हणाला, "या पोरीला घिऊन मी न्हाई येत बगा." आम्हा मायलेकींना बेटाच्याच काठावर सोडून तो धनराजला घेऊन गेला. धनराज माणसं घेऊन येतो म्हणालाय. एवढी माहिती असून या मेल्यांनी पहिल्या दिवशी अवाक्षर काढलं नाही! आणि मी? माझी जीभ झडली का नाही?

१६ मे, सकाळ

धनराज नाही. फोन लागत नाही. बेटावर कुणीच नाही.

पल्लवीचं अंग गार. बोटं सुरकुतलेली. मला मावशी म्हणाली. मी थोबाडीत मारली. मग तिला कवटाळून रडले. ती रडली नाही.

१६ मे, दहा वाजता

हौदावर जाऊन ओरडले, दिलेला शब्द मागं घेते. मला न्या, पोर ठेवा. पाणी हललंसुद्धा नाही. मी त्यांना नकोच आहे.

१६ मे

भोंगा वाजतोय. वीज नाही, तरी —

लाटा. त्यात हिरवी लुगडी. सात.

तिचं मनगट डाव्या हातानं धरलंय. लिहितेय म्हणजे तिकडं बघावं लागत नाही. सासरी निघालेल्या पोरीसारखी वाकून माझ्या पाया पडली — येते म्हणे, मावशी —

सोडणार नाही. माझी आहे. माझी —

भोंगा थांबला.

बांगड्या मुठीत आहेत. सातही. मनगट —