शेवटच्या ओळीत उभ्या राहिलेल्या बाई

बाई, तुम्हाला ताल कळत नव्हता. तुमच्या हयातीत हे तोंडावर कुणी बोललं नाही, मीही नाही, पण शाळेत सगळ्यांना ते ठाऊक होतं. प्रार्थनेनंतर टाळ्या वाजवायची वेळ आली की सगळ्यांच्या मागून तुमची एक टाळी एकटीच यायची. तुम्ही भूगोल शिकवायच्या. पाठमोऱ्या उभ्या राहून, पुस्तकात न बघता, गोदावरीचं अख्खं खोरं उपनद्यांसकट फळ्यावर काढायच्या. अशा बाईंनी जिल्ह्यातल्या शाळांच्या ढोलपथकांसाठी एक समिती उभी करावी, मुलामुलींना वाजवत चालायला शिकवावं आणि दरवर्षी त्यांच्या स्पर्धा भरवाव्यात, याचं मला आज पन्नाशीतही नवल वाटतं. तेव्हा मी नववीत होते आणि मला तुमचं नवल वाटत नव्हतं. तेव्हा मला फक्त स्वतःचं नवल वाटायचं.

सुरुवात झाली ती कोठीच्या खोलीपासून. आपली मुलींची शाळा. पंधरा ऑगस्टला आमच्या हातात लेझीम दिली जायची आणि शेजारच्या मुलांच्या शाळेतून चार ढोल मागवले जायचे. त्या वर्षी कोठी आवरायचं काम तुमच्याकडे आलं आणि तुटक्या बाकांच्या मागे तुम्हाला सहा साइड ड्रम आणि एक मोठा ढोल सापडला. खोळीसुद्धा न काढलेले. कुणीतरी कधीतरी शाळेला दिले होते आणि मुली काय वाजवणार म्हणून ते तसेच राहिले होते. तुम्ही त्यातला एक रिक्षात घालून घरी नेलात. पुढच्या महिनाभरात तुम्ही किती शाळांना पत्रं लिहिलीत हे तुम्हालाच माहीत. उत्तर आलं नाही की तुम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर एस.टी.ने स्वतः जायच्या, ओझरला, वणीला, चांदवडला, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बसून राहायच्या. वणीच्या शाळेतले शिपाई पुढे मला सांगायचे, "तुमच्या बाई आल्या की आमचे सर आधी चहा सांगायचे. त्यांना माहीत होतं, या बाई आता काय उठायच्या नाहीत."

समितीच्या बैठका तुमच्या पंचवटीतल्या स्वयंपाकघरात व्हायच्या, कारण बाहेरच्या खोलीत तुमचे यजमान अंथरुणाला खिळलेले होते. मला ते स्वयंपाकघर अजून दिसतं. रविवारची सकाळ आहे. भिंतीला टेकून देवळालीचे निवृत्त हवालदार ताठ बसलेत, मांडी घालूनसुद्धा ताठ. त्यांच्या शेजारी ओझरच्या कारखान्यातले फिटरकाका, ज्यांना ढोलाची फाटलेली कातडी बदलता येते. एक प्राथमिक शाळेतले गुरुजी इतिवृत्त लिहितायत. आणि दाराशी, जणू आपण आत यावं की नाही हे अजून ठरलेलं नाही असे, उस्ताद. उस्ताद जुन्या नाशकातले, लग्नाच्या बँडमध्ये तीस वर्षं ताशा आणि साइड ड्रम वाजवलेले. तुम्ही एका हाताने पोहे परतताय आणि दुसऱ्या हाताने हवेत काहीतरी समजावताय. मी कपबश्या विसळायला आले आहे आणि कान तिकडे लावून आहे. आवाज फार चढले की बाहेरच्या खोलीतून यजमान चमच्याने पलंगाच्या गजावर टकटक करायचे आणि सगळे एकदम कुजबुजत भांडायला लागायचे. स्पर्धेचे नियम त्या कुजबुजीत ठरले. एका पथकात वीस जण, वेळ सहा मिनिटं, आपली वाद्यं आपण आणायची, थांबायचं ते शिट्टी झाल्यावर.

खरी अडचण उस्तादांवरून झाली. पालकसभेत एका मुलीचे वडील उभे राहिले. "वरातीत वाजवणारा माणूस आमच्या मुलींना शिकवणार? आणि मैदानात, सगळ्या रस्त्यादेखत?" मागून दोन-तीन जणांनी माना हलवल्या. काही जणांच्या मनात काय होतं ते त्यांनी शब्दांत आणलं नाही, पण सभागृहातल्या सगळ्यांना ते कळलं. मुख्याध्यापिका बाई तुमच्याकडे बघत होत्या. मला वाटलं तुम्ही आता उस्तादांचं कौतुक सांगाल, त्यांना किती येतं ते सांगाल. तुम्ही म्हणालात, "ते मला शिकवणार आहेत. मी उद्यापासून रोज सकाळी सात वाजता मैदानात असेन. ज्यांना आपली मुलगी माझ्यासोबत उभी राहिलेली चालेल, त्यांनी पाठवावं." आणि बसलात.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तुम्ही खरोखरच मैदानात होतात. पदर कमरेला खोचलेला, गळ्यातून पट्टा, पोटावर साइड ड्रम, शेवटच्या ओळीत. आम्ही अकरा जणी होतो. आठवड्याभरात सोळा झालो, मग वीस. कुंपणाबाहेर थांबून बघणारे दोघे-तिघे पालक तुम्हाला बघून परत जायचे. उस्ताद आधी नुसत्या सायकलच्या टायरच्या तुकड्यांवर हात बसवून घ्यायचे. "मनगट ढिलं सोड बेटा, लाठी नाही धरलीस तू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुमच्याजवळ आले की ते तेच वाक्य "बाईसाहेब" लावून म्हणायचे, फार अदबीने, आणि काही उपयोग व्हायचा नाही. डावा पाय आणि उजवा हात यांची तुमची जुळणी कधी झालीच नाही. आम्ही तालात पावलं टाकत पुढे जायचो आणि तुम्ही अर्ध्या पावलाने मागे, घामाघूम, ओठ घट्ट मिटून.

एकदा मधल्या सुट्टीत मी तुमची नक्कल केली. मी पथकाची पुढारी, माझा हात सगळ्यांत साफ, आणि हे मला जरा जास्तच माहीत होतं. ओढणी कमरेला खोचून, डबा पोटाशी धरून, मी चुकीच्या पावलावर चुकीचा ठोका देत वर्गात चालून दाखवलं. मुली हसून लोळत होत्या आणि मग एकदम गप्प झाल्या. तुम्ही दारात होतात. मला वाटलं आता आपलं पथकातून नाव गेलं. तुम्ही म्हणालात, "बरोबर करतेस. मी असंच चालते." मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणालात, "चूक कुठे होते ते तुला इतकं नेमकं दिसतं, तर ती दुरुस्त कोण करणार? उद्यापासून साडेसहाला यायचं. उस्ताद यायच्या आधी मला तू शिकवायचंस."

मला ती शिक्षा वाटली, आणि ती होतीच. थंडीत पहाटेच्या धुक्यात मैदानावर आपण दोघीच असायचो. तुम्हाला "डावा, बाई, डावा" म्हणताना माझी जीभ अडखळायची. मी करून दाखवायची, तुम्ही चुकायच्या, मी चिडायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्ही थांबून म्हणालात, "अगं, तू मला जे येत नाही तेच परत परत दाखवतेस. मला जे येतं तिथून का सुरू करत नाहीस?" तुम्हाला काय येतं, मी विचारलं. "मोजता येतं," तुम्ही म्हणालात. मग मी तुम्हाला ठोके ऐकायला सांगणं सोडलं आणि आकडे मोजायला सांगितले. दोन आठवड्यांनी तुम्ही एक साधा चार ठोक्यांचा ठेका, न चुकता, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत गेलात. एकच. तो तुम्हाला पुढेही तेवढाच आला. पण त्या दिवशी उस्ताद फाटकातून सायकल आत आणत होते, ते सायकल तशीच हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बेटा, हे मला नसतं जमलं." पुढे मी शेकडो मुलांना शिकवलं असेल, बाई. सगळ्यांना तुमच्यावर शिकले तसंच शिकवलं.

पहिल्या स्पर्धेचा दिवस. सकाळपासून मैदानावर फक्कीने आखलेल्या रेघा तुम्ही तीनदा तपासल्या होत्यात, नकाशाच असल्यासारख्या. आमची पाळी शेवटून दुसरी होती. आमच्या नंतरचं पथक चांदवडकडच्या एका खेड्यातलं, आणि ते आलंच नव्हतं. दुपारी त्यांचा टेंपो आला. मुलं-मुली खाली उतरली ती रडवेली होऊन. कुठल्याशा खड्ड्यात टेंपो आदळला होता, वर बांधलेली लोखंडी पेटी ड्रमांवर पडली होती. मोठ्या ढोलाला आरपार भोक होतं आणि दोन साइड ड्रमांच्या कड्या वाकल्या होत्या. त्यांच्या पुढारी मुलीने तुम्हाला विचारलं, "बाई, ढोल फाटला वो. आता आमाला घेनार नाय का?"

हवालदारसाहेब म्हणाले, "नियम आहे. आपली वाद्यं आपण आणायची." तुम्ही म्हणालात, "नियम आपणच केलाय. मोडायचा नाही, पण बदलता येईल. गुरुजी, वही काढा." आणि तिथेच, कडुनिंबाखाली, बाकीची सगळी पथकं ताटकळत असताना, तुम्ही समितीची बैठक घेतलीत. मला तेव्हा ते वेडेपणाचं वाटलं होतं. तुम्ही सचिव होतात, नुसतं "वाजवा" म्हटलं असतं तरी कुणी अडवलं नसतं. पण तुम्ही ठराव मांडलात, उस्तादांनी अनुमोदन दिलं, चार हात वर गेले. हवालदारसाहेबांचा खाली राहिला. "विरोध एक, असं लिहा," तुम्ही गुरुजींना सांगितलंत, आणि हवालदारसाहेबांना म्हणालात, "तुमचं म्हणणं चूक नाही." ते उठून त्या मुलांकडे गेले आणि रांग सरळ करून द्यायला लागले.

मग तुम्ही माझ्याकडे आलात. "तुमचं झालं की तुमचे ड्रम त्यांना द्यायचे." मी नाही म्हणाले. सगळ्यांसमोर. "त्यांनी फोडले तर? आणि ते जिंकले तर, बाई?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, रागाने नाही, फळ्यावरच्या चुकलेल्या उत्तराकडे बघावं तसं. "तर ते जिंकतील," तुम्ही म्हणालात.

आम्ही वाजवलं, चांगलं वाजवलं. खाली उतरल्यावर मी माझा पट्टा त्या मुलीच्या खांद्यावर चढवला. ती माझ्यापेक्षा बुटकी होती, बक्कल दोन घरं आत घ्यावं लागलं. तिचे तळवे खरखरीत होते. "ताई, तुमचा ढोल लय हलका हाय," ती म्हणाली आणि हसली. त्यांनी जे वाजवलं ते ऐकून उस्ताद माझ्याशेजारी पुटपुटले, "हे कुणी शिकवलं यांना? जाऊन भेटलं पाहिजे." ते पहिले आले, आम्ही तिसऱ्या. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. तुम्ही तिथे आलात, शेजारी बसलात आणि मला उगी केलं नाहीत. मग म्हणालात, "पुढच्या वर्षी प्रत्येक मैदानावर दोन जादा ढोल ठेवायचे. समितीचे. हे मला आधी सुचायला हवं होतं." त्या दिवशीची चूक कुणाची, हे तुम्ही एवढ्यावर संपवलंत.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा माझं लग्न होऊन मुलगी झाली होती, विमा कचेरीत नोकरी होती. मी भेटायला आले तर तुम्ही उशीला टेकून शाळांच्या यादीवर खुणा करत होतात. यजमान आधीच गेले होते, त्यांचा पलंग आता तुम्ही वापरत होतात. "सचिवपद तू घेशील का?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "बघू, बाई. मुलगी लहान आहे." तुम्ही "बघ" म्हणालात आणि परत यादीकडे वळलात. तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. तेराव्यानंतरच्या रविवारी मी बैठकीला गेले आणि वही माझ्याकडे ओढून घेतली. 

त्यानंतर मी तेवीस वर्षं ते काम केलं. उस्ताद गेले, हवालदारसाहेब गेले. बैठका आता एका शाळेच्या वाचनालयात होतात. सूचना फोनवरच्या ग्रुपवर जातात आणि अर्धे जण त्या वाचत नाहीत. पेठ-सुरगाण्याकडच्या आश्रमशाळांची पथकं येतात आणि त्यांचे ठेके ऐकून परीक्षक लिहायचे थांबतात. अजून कुणीही मानधन घेत नाही. भांडणं मात्र मोठ्या आवाजात होतात. परवा एका शाळेने आपल्या मुलांना रांगेत पुढची जागा हवी म्हणून वरून दबाव आणला, तेव्हा मी बैठक बोलावली, ठराव मांडला, विरोध किती तेही लिहून घेतलं. जमलं मला. तुमच्याइतक्या शांतपणे नाही, दोनदा टेबलावर हात आपटला, पण जमलं.

आणि गेल्या रविवारी मी सचिवपद सोडलं. गुडघे दुखतात, मैदानावर आता चालवत नाही. एक तरुण शिक्षिका आहे, सटाण्याकडची, हुशार, माझ्यापेक्षा नीट हिशोबी डोक्याची. तिचं नाव मीच सुचवलं. मी म्हटलं, "माझ्याकडून आता होत नाही, तिच्याकडे द्यावं असं मला वाटतं." मनातल्या मनात मी पुढची वाक्यंही तयार ठेवली होती. कुणीतरी म्हणेल, अहो ताई, एक वर्ष तरी थांबा. मी नको नको म्हणेन. मग ते आग्रह करतील. तसं काही झालं नाही. सगळ्यांचे हात एकदम वर गेले, टाळ्या झाल्या, कुणीतरी पेढे आधीच आणून ठेवले होते. ती पोरगी माझ्या पाया पडली आणि लगेच वही उघडून विचारू लागली की जादा ढोल कुणाच्या घरी असतात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. ते मी घडी घालून कपाटात ठेवेन, किंवा तेही नाही. फक्त एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. घरी आल्यावर मुलीने विचारलं, "आई, हलकं वाटलं असेल ना आता?" मी म्हटलं, "हो, खूप." ते खोटं होतं, बाई. मला फार वाईट वाटलं.