कुमाने आणलेले पंधराचे टायर

४ ऑगस्ट, सोमवार

चारही टायर गेले. म्हणजे दिसायला आहेत — काळे, गोल, वरची नक्षी शाबूत — पण द्रागुतिनने बाजूच्या भेगांत नख घालून दाखवलं. आमच्या कोपऱ्यावरचा टायरवाला हा. गिऱ्हाइकाला वाईट बातमी देताना याचा चेहरा उजळतो. म्हणाला, यांच्यावर भाजी आणायला जा हवं तर, ग्राझला जाऊ नका.

ग्राझलाच तर जायचंय! विश्न्याला तिथे, ऑस्ट्रियात, नोकरी लागली आहे. एक सप्टेंबरला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि आमची कन्या म्हणते, जाईन ती माझ्या युगोतूनच.

ही युगो तिने आणि तिच्या आजोबांनी — म्हणजे माझे सासरे रादिशा — मिळून इतकी सुधारली आहे, की कारखान्यातून निघाली तेव्हाचं तिच्यात आता नावच तेवढं उरलंय. इंजिन दुसरं. बूड जमिनीला टेकायला आलेलं. मूळच्या तेरा इंची चाकांच्या जागी चौदा इंची. त्यांची नोंद मात्र कागदोपत्री रीतसर केलेली.

टायर निवडायचं काम माझ्याकडे आलं. का? तर "तू वाचतोस." मला गाडी चालवता येत नाही, ही बाब कुणालाच आड आली नाही.

५ ऑगस्ट

१६५/६० आर १४. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंची, पहिल्याचे टक्के. तिसरा चाकाचा व्यास, इंचांत. एका समासात तीन देशांची पदं कोंबणाऱ्या विद्यार्थ्याला आमच्या शास्त्रीबुवांनी वर्गाबाहेर काढलं असतं. इथे त्याचा कारखाना निघाला.

७ ऑगस्ट, गुरुवार

या आठवड्याचं वार्तापत्र अजून कोरं. मराठी वाचकांना बाल्कन राजकारण समजावून सांगायचं सोडून मी दिवसभर ओल्या रस्त्यावर कोणता टायर किती घसरतो ते वाचतोय.

रादिशांचं मत १८५. रुंद टायर म्हणजे रुंद छाती. मी म्हटलं, गाडी हलकी आहे, रुंद टायर पावसात पाण्यावर तरंगतो, असं लिहिलंय. म्हातारा शांतपणे म्हणाला, "जावईबापू, लिहिणारा आमच्या गाडीत बसला होता का?"

बनावटीवरूनही रामायण. रादिशांना पिरोतचेच हवेत — आपल्या देशात टायर होत असताना परक्याच्या दारात का जायचं! द्रागुतिनला कोरियनच विकायचेत, कारण दुकानात तेच पडलेत. शेजारणीचा भाऊ झेक टायरवर झाग्रेबला जाऊन जिवंत परत आला, म्हणून तिचं मत झेक. इंटरनेटवर एकाच टायरला एक जण देव म्हणतो, खालचाच दुसरा दैत्य. नेति नेति म्हणत बसायचं.

८ ऑगस्ट

बायको — स्लोबोदांका — आज भाजलेल्या मिरच्या सोलता सोलता म्हणाली, "तू टायर निवडतोयस की तिचं जाणं पुढे ढकलतोयस?"

म्हटलं, पावसातल्या ब्रेकचा तक्ता बघायचा राहिलाय.

९ ऑगस्ट, शनिवार

ठरलं. १६५/६०, चौदाचे, कोरियन. पावसात सगळ्यांत लवकर थांबतात. विश्न्याला दाखवलं, ती म्हणाली, "बाबा, मी पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं." सांगितलं असेल. सोमवारी द्रागुतिनकडे जाऊन मागवायचे. शांत वाटतंय.

१० ऑगस्ट, रविवार

शांत वाटणं हा अपशकुन समजावा.

दुपारी जेवणं चालली होती आणि फाटकाशी हॉर्न. वुकोसाव — आमचा कूम. माझ्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, विश्न्याला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांत धरून तिचं नाव ठेवलेला. हे नातं रक्ताचं नाही, त्याहून जड आहे. भावाशी भांडता येतं, कुमाशी नाही. मी इथे नवा होतो, दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती, तेव्हा या माणसाने शपथ घेऊन माझी हमी भरली. हयातभर ट्रक चालवला — ग्रीसपासून जर्मनीपर्यंत. बायको गेली, दोन्ही मुलगे टोरांटोत. रविवारी तो आमच्याकडेच असतो.

आज गाडीमागे छोटा ट्रेलर जोडलेला, त्यात चार नवेकोरे टायर, लाल फितीने बांधलेले.

तीन-तीनदा गालांचे मुके झाले. वुकोसाव म्हणाला, माझी पोर फाटक्या टायरांवर परमुलखात जाणार नाही. विश्न्याच्या डोळ्यांत पाणी. स्लोबोदांकाने राकियाची बाटली काढली. रादिशा टायरवरचे आकडे वाचायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"काय झालं?" कुमाने विचारलं.

"कंबर," म्हातारा म्हणाला.

१९५/५० आर १५.

पंधरा! विश्न्याची चाकं चौदाची. हे काही सैल-घट्ट कपडे नव्हेत, की एक बटण पुढे लावलं. पंधराचा टायर चौदाच्या चाकावर म्हणजे परातीवर वाटीचं झाकण… उलट लिहिलं. वाटीवर परातीचं. काहीही असो, बसत नाही.

सगळ्यांनी पेले उचलले. मी सुद्धा. आरोग्य चिंतून प्यालो.

११ ऑगस्ट

घरात खलबत. परत करणं शक्य नाही — कुमाची भेट परत करणं म्हणजे कुमाला परत करणं. बदलून आणणंही शक्य नाही. ते दुकान त्याच्या चुलतभावाचं, संध्याकाळपर्यंत बातमी पोचेल. विश्न्या म्हणाली, मी जाऊन सरळ सांगते, त्यात काय. आजोबा गरजले, "कूम म्हणजे शर्टाचं बटण आहे का? तुटलं, दुसरं लावलं!"

स्लोबोदांकाचं म्हणणं, त्याचं वय झालं. नजर गेली असेल, विसर पडत असेल, एकटा असतो. साऱ्या युरोपात ट्रक हाकलेल्या माणसाला चौदा-पंधरा कळू नये, याचा दुसरा अर्थ काय लावायचा? त्याचं हसं होऊ द्यायचं नाही, यावर मात्र एकमत. विश्न्यासुद्धा.

तर निर्णय: टायर गाडीला बसत नसतील, तर गाडी टायरला बसवायची. न्यायशास्त्र शिकलो होतो. हे त्यात नव्हतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

चाचाक गावच्या एका माणसाकडून पंधरा इंची चाकं आली. भोकं जुळली. टायर चढले. गाडी फाटकातून बाहेर काढली, विश्न्याने पहिलंच वळण घेतलं — खर्रर्र. टायर मडगार्डाच्या आतल्या काठाला घासतो. मागे आम्ही दोघं बसलो तर सरळ रस्त्यावरही घासतो. द्रागुतिन दुकानाच्या दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "प्रोफेसर, छान. लांबून येताना कळेल तरी."

मी म्हटलं, गाडीचं बूड पुन्हा वर उचला. आजोबा आणि नात या दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात चपला घालून आलो.

१६ ऑगस्ट

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मडगार्डाचा आतला काठ वर दुमडायचा असतो. त्यासाठी टायर आणि पत्रा यांच्यामध्ये एक गोल दांडा खुपसतात आणि गाडी पुढे-मागे ढकलतात. घरात तसा दांडा एकच — स्लोबोदांकाचं पिटा लाटायचं लांब लाटणं. तिच्या आईकडून आलेलं. ती बाजारात गेली होती.

रंग तडकू नये म्हणून पत्रा गरम करायचा असतो. त्यासाठी तिचंच केस वाळवायचं यंत्र.

रादिशा दांडा धरून, विश्न्या स्टिअरिंगला, ढकलायला अस्मादिक. तीन मडगार्डं झाली. चौथ्याला दांडा मोडला. आणि स्लोबोदांका फाटकात उभी.

१७ ऑगस्ट

स्लोबोदांका बोलत नाही. जेवण गार.

२० ऑगस्ट, बुधवार

वुकोसाव आला होता. गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकांकडे पाहिलं, बराच वेळ. रादिशांनी घाईने सांगितलं की छान बसले, नेमके बसले. तो म्हणाला, "बसले?" आम्ही तिघं एका सुरात "बसले." मग तो कॉफी न घेताच निघाला. स्लोबोदांका म्हणते, दमलेला दिसत होता. मला तर हिरमुसलेला वाटला. आता आणखी काय करायचं या माणसासाठी!

२२ ऑगस्ट, शुक्रवार

तांत्रिक तपासणी. गाडी रादिशांनी नेली, मी सोबत. पंधराची नोंद कागदावर नाही, म्हणून ती चालणार नाहीत. चौदाच्यांवर भेगाळलेले टायर, तीही नाहीत. मग आमच्या गल्लीचा सनातन उपाय. शेजारच्या शेडमध्ये मूळची तेरा इंची चाकं ठेवलेली असतात, अगदी कारखान्यातून आल्यासारखी. गल्लीतली प्रत्येक सुधारलेली युगो तपासणीला तीच घालून जाते, जशी लग्नाला मागून आणलेली पैठणी. तपासनीस गाडीभोवती फिरला. सद्गदित झाला. म्हणाला, हल्ली मूळ चाकं कुणी ठेवतच नाही. बहुधा याच वर्षी त्याने ती पाचव्यांदा बघितली असतील.

शिक्का मिळाला. आनंदाने घरी आलो, तर विश्न्या पायरीवर बसलेली. म्हणाली, "बाबा, ऑस्ट्रियात पोलीस टायरवरचा आकडा वाचतो आणि कागद मागतो. पंधरावर मी सीमेच्या पुढे जाऊ शकत नाही."

हे मुलीला ठाऊक होतं. पहिल्यापासून. मग लाटणं मोडेपर्यंत गप्प का बसलीस? तर म्हणते, तुम्ही सगळे इतके खपत होतात.

अंगणात आता चाकांचे तीन ढीग आहेत. तेरा सरकारसाठी, चौदा रस्त्यासाठी, पंधरा कुमासाठी. गाडी एकच. मी एका ढिगावर बसून सिगारेट ओढली. कोणत्या ढिगावर, ते पाहिलं नाही.

२५ ऑगस्ट

द्रागुतिनकडे गेलो. १६५/६०, चौदाचे, कोरियन. "हेच ना मागवायचे होते नऊ तारखेला?" हेच. "मग मध्ये काय झालं?" म्हटलं, वाचत होतो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

बेत असा. शनिवारी सकाळी कूम निरोपाला येणार. विश्न्या त्याच्या देखत पंधराच्या टायरांवर निघेल. शहराबाहेरच्या पेट्रोल पंपावर रादिशा जॅक आणि चौदाची चाकं घेऊन बसलेले असतील. तिथे बदलायची, पंधराची घरी परत, ती पुढे. चौऱ्याहत्तरीच्या माणसाला उन्हात बसवायचं बरं वाटत नाही, पण तेच म्हणाले, कारखान्यात पाळ्या केल्यात, पंपावर बसायला काय होतंय. निरोपाला आजोबा दिसले नाहीत तर काय सांगायचं? "दाताच्या डॉक्टरकडे." कवळी आहे त्यांना. पण एवढं कोण बघतो.

स्लोबोदांका आजपासून बोलायला लागली. पहिलं वाक्य — विश्न्याच्या डब्यात पिटा द्यायचा होता, हाताने थापून काय होणार आहे.

२९ ऑगस्ट

तिची खोली आवरलेली आहे. मला ही आवरलेली खोली आवडत नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

गेली. वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून वुकोसावने गाडीमागे तांब्याभर पाणी ओतलं. वळणावर टायर एकदा घासला, गाडी नाहीशी झाली. स्लोबोदांका आत गेली. आम्ही दोघं रस्त्यात उभे.

तो म्हणाला, "रादिशाला पंपावर किती वेळ बसवलंय? ऊन आहे. चल, नट आवळायला मीही येतो."

मी फाटक ओढून घेतलं. तो बोलतच होता.

"चौदाची चाकं आहेत तिची, मला ठाऊक नसेल? परत करता येणार नाहीत, बसवता येणार नाहीत. नोकरी काही थांबत नाही. ती हुकेल, पोर इथेच राहील, वाटलं. माझ्या पोरांच्या वेळी सुचलं नव्हतं." मग रिकाम्या तांब्यात बघत म्हणाला, "तुम्ही ती बसवाल, हे कुठे ठाऊक होतं."

संध्याकाळपर्यंत त्याचा राग यावा म्हणून बसून राहिलो. एवढाच आला, की हे मला का सुचलं नाही. मी सोळाचे आणले असते.