हे पत्र यंत्राने लिहिले आहे

३ जून, सकाळी ९
टेबलावर ‘डिस्क्लोजर ऑफिसर’ अशी पाटी आली. घरातली पहिली पदवीधर, आणि या कंपनीतली बहुधा पहिली प्रामाणिक व्यक्ती. आमचं ॲप लोकांना पत्रं लिहून देतं. ती यंत्राने लिहिलीत हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे, असा नवा नियम. तो मी पाळायला लावणार.

५ जून
मॅनेजरने पत्रावर लावायच्या ‘हे पत्र यंत्राने लिहिले आहे’ या पट्टीचा नमुना दाखवला. राखाडीवर राखाडी, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. वर म्हणतो, शब्द यंत्राचे असले तरी भावना माणसाचीच ना. चोराच्या उलट्या बोंबा. किळस आली.

८ जून
बाबा महिनाभर माझ्याशी बोलत नाहीयेत. त्यांच्या टेलरिंगच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मी म्हणाले होते, तुम्ही शाळा तरी पाहिलीत का. चुकलंच. मनापासून माफीचं पत्र लिहिणार.

८ जून, दुपारी
नियमाची फाइल फार मोठी आहे, लिहायला वेळ कुठला. ॲपला चार मुद्दे दिले, दोन पानं आली. बाबांना पत्राची लिंक पाठवली. मुद्दे माझे, म्हणजे पत्र माझंच. पट्टी अजून सुरू नाही, त्यामुळे प्रश्नच नाही.

११ जून
आई सांगत होती, बाबांनी काम थांबवून पत्र तीनदा वाचलं. शेजारच्या दुकानदारालाही फोन दाखवला. रविवारी ये म्हणालेत. शिक्षण वाया जात नाही.

१५ जून
मॅनेजर म्हणाला, पट्टी फक्त नव्या पत्रांना लावू. मी टेबलावर हात आपटला. जुन्यांनाही लावायची, लाल, ठळक. तो मला ‘सत्यवादी बाई’ म्हणाला. टोमणा होता. जिंकले.

१६ जून, सकाळी
पट्टी सुरू. एकूण एक पत्रावर.

१६ जून, सकाळी, पाच मिनिटांनी
एकूण एक.

१६ जून, दुपारी
एखादं पत्र वगळता येईल का, असं मॅनेजरला विचारलं. केवळ तत्त्व म्हणून. त्याने कारण विचारलं, तेव्हा मी म्हणाले, शब्द यंत्राचे असले तरी भावना... नालायक माणूस खुर्ची फिरवून हसत बसला.

१७ जून
आईचा फोन. बाबा शेजारीच होते, पण फोन घेईनात. त्यांचं बोलणं तिने जसंच्या तसं सांगितलं: “मशीनची शिलाई हातशिलाई म्हणून मी जन्मात कुणाला खपवली नाही. मशीनने माफी मागितली, मशीनला दिली. हिची अजून यायचीय.” मी रविवारचं विचारलं नाही.

१८ जून
कागद-पेन घेऊन बसले. ‘प्रिय बाबा’ लिहिलं.

१९ जून
‘प्रिय’ खोडलं. यंत्रानेही तेच लिहिलं होतं.