चाकाखालचा दगड

मंगळवार, फाल्गुन, १९७३

जीप चालू झाली एकदाची. आमच्या म्हाताऱ्यानं भिंगारच्या लष्करी लिलावातून आणलेली. तो वारल्यापासून तिच्यात कोंबड्याच नांदत होत्या. माझ्या दत्तूनं आठवडाभर तिची आतडी काढली, घासली, परत घातली. आज सहा जणांनी ढकलल्यावर खोकली, धूर ओकली आणि धडधडली. पण बॅटरी मेलेली, ढकलल्याशिवाय उठत न्हाई.

म्हणून देवळामागच्या उतारावर उभी केली, तोंड नगरच्या रस्त्याकडं. चाकाखाली माझ्या फुटक्या जात्याचा दगड. तो काढला की गडगडत जाईल आणि आपोआप चालू होईल म्हणे. ब्रेकचं विचारलं तर पोरगा म्हणतो, "आई, दगड हाय की!" शाना.

सूनबाई शकूचे दिवस भरलेत. मागच्या खेपेला नगरच्या दवाखान्यात नेताना बैलगाडीत, वाटेतच पोर गेलं. यंदा तर दुष्काळानं बैलही चारा छावणीत.

दिवेलागणीपासून दोनदा दगड बघून आले. शकू हसली, "आत्याबाई, दगडाला पाय फुटलेत का?"

"तुझ्या नवऱ्यापेक्षा दगड बरा, जागचा हलत न्हाई," म्हटलं.

पण चैन न्हाई. दत्तू स्टेअरिंगवर बसणार, शकू मागं आडवी. मग रात्रीबेरात्री दगड काढणार कोण? कुणाच्या डोक्यातच आलं न्हाई.

आत्ता तिसऱ्यांदा गेले, पहार घेऊन. जरासा सरकवला तर जीप पुढं आली. परत ठोकून बसवला.

निघतो दगड माझ्या हातानं. जीप सुटली की काढणारी मागंच राहील. राहू दे.